चित्रकलेचे तास अचानक गळ्यात पडलेत, सुरुवात कुठून करू?

प्रयोगवही

मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. चित्रकलेचे सर मोठ्या रजेवर गेले आणि 'बाई, तुमच्या आकृत्या छान असतात' एवढ्या भांडवलावर त्यांचे तास माझ्याकडे आले. आठवड्याला एक तास, ४० मिनिटं. त्यातली पाच मिनिटं वह्या शोधण्यात जातात.

पहिल्या तासाला व्याख्या दिल्या. रेषा, आकार, रंग, पोत, छायाप्रकाश, अवकाश. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतल्या. मग टेबलावर कप ठेवला आणि म्हटलं, काढा. जवळजवळ सगळ्यांनी कपाचं तोंड लंबगोल काढलं आणि तळ पट्टीने मारल्यासारखा सरळ. काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं, पण काय ते सांगता येईना. घरी येऊन मी स्वतः काढून पाहिला. माझाही तळ सरळ!

दुसऱ्या तासाला रंग. रंगचक्रातलं (रंग कसे मिसळतात ते दाखवणारं वर्तुळ) 'लाल + निळा = जांभळा' फळ्यावर लिहिलं आणि वर्गभर मातकट डबकी तयार झाली. एकीने विचारलं, "बाई, रंगचक्र खोटं असतं का?" विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न आला असता तर मी हरखले असते. इथे मी तास संपायची वाट पाहत राहिले.

शेडिंगचं तर बोलायलाच नको. मुलं बोट फिरवतात, सगळं राखाडी होतं, बोटासकट.

मला चित्रकार घडवायचे नाहीत. पण सात-आठ तासांत मुलांच्या हाती काय लागू शकतं?

खोडरबर

बाई, व्याख्या फळ्यावरून पुसा. मी पंचवीसेक वर्षं चित्रकला शिकवली, पहिली सात-आठ वर्षं तुमच्यासारख्याच व्याख्या देऊन. त्या वह्यांत राहिल्या.

तळ सरळ का येतो? कप टेबलावर सपाट टेकलाय हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून. ती समोरचा कप काढतच नाहीत, डोक्यातला काढतात. चेहरा काढतानाही हेच. डोळे कपाळाच्या जागी जातात, कारण महत्त्वाचं सगळं वर असणार असं वाटतं. खरं तर डोक्याची टाळू ते हनुवटी अशी उंची घेतली, तर डोळे साधारण मध्यावर असतात. शेजारच्याच्या चेहऱ्यावर पेन्सिल धरून मोजायला लावा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, अंगठा पेन्सिलीवर सरकवायचा. कोपर वाकलं की माप गेलं.

कपाऐवजी काचेचा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा. टेबलावर ठेवून थोडं वरून पाहिलं की तीन लंबवर्तुळं दिसतात: काठाचं, पाण्याचं, तळाचं. काठाचं सगळ्यात चपटं, तळाचं सगळ्यात फुगीर. आता ग्लास हळूहळू वर न्या. काठ डोळ्यांच्या पातळीला आला की त्याची नुसती रेघ होते. वर्गात 'ओह' असा आवाज येतो तो इथे. क्षितिजरेषा, दृष्टिपातळी हे शब्द त्यानंतर सांगा, म्हणजे ते कशाला चिकटवायचे हे मुलांना कळतं.

दुसरा एक खेळ: खुर्ची टेबलावर आडवी टाका आणि सांगा, खुर्ची काढायची नाही, दांड्यांमधल्या फटी काढा. 'खुर्ची' म्हटलं की चार पाय आणि पाठ हे ठरलेलं चित्र हातातून बाहेर पडतं. फटीचं असं पाठ केलेलं चित्र कोणाकडेच नसतं, त्यामुळे झक मारत बघावं लागतं. फटी जमल्या की खुर्ची आपोआप उभी राहते, म्हणजे आडवी.

पाणीजास्त

रंगांचं मी सांगते. त्या मुलीला आधी शाबासकी द्या.

रंगचक्र खोटं नाही, पण चक्रातला 'लाल' आणि डबीतला लाल एक नसतात. नारिंगीकडे झुकणारा शेंदरी लाल घेतला तर त्यात पिवळ्याचा अंश आहे. हिरवट निळ्यातही आहे. म्हणजे तुम्ही दोन रंग मिसळलेच नाहीत, लपूनछपून तीन मिसळलेत, आणि तिन्ही मूळ रंग एकत्र आले की माती ठरलेलीच. क्रिमसन (गुलाबीकडे झुकणारा लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळ्याकडे झुकणारा निळा) घेऊन बघा, जांभळा येईल. छपाईत म्हणूनच लाल-निळा घेत नाहीत. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा घेतात. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला काही भाग गिळतं, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं समजावाल.

विज्ञानवाल्या बाईंसाठी एक गोष्ट. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा कारभार शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्या धाग्याशेजारी निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यामुळे तो तसा दिसत होता. यावरचं त्याचं पुस्तक १८३९ साली आलं. वर्गात करायला सोपं आहे: एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा, एक काळ्या कागदावर चिकटवा, एक पांढऱ्यावर. मुलं भांडतील की बाईंनी दोन वेगळे कागद आणलेत.

आणि काळी ट्यूब काही आठवडे कपाटात ठेवा. सावली करायला विरुद्ध, म्हणजे चक्रात समोरचा, रंग पुरतो, लालात थोडा हिरवा. काळा हाताशी असला की मुलं सावलीचं डांबर करतात.

तिरपीरेघ

थोडा विरोध नोंदवतो. खोडरबर सरांचं सगळं खरं, पण आठही तास निरीक्षणाचेच केले तर मुलं कंटाळतील. माझा मुलगा सहावीपर्यंत भिंती सोडून सगळीकडे ड्रॅगन काढायचा. दोन बिंदूंचं यथार्थदर्शन (दूर जाणाऱ्या रेषा क्षितिजावरच्या दोन बिंदूंना मिळवून खोली दाखवायची पद्धत) पट्टीने घोटून घेतल्यावर त्याने वही मिटली. शेवटची दहा मिनिटं मुलांना हवं ते काढू द्या.

खोडरबर

मान्य. दोन बिंदू सहावीला मीही देणार नाही. एकच बिंदू, आणि तोही आधी कॉरिडॉरमध्ये उभं करून दाखवायचा.

शेडिंगचं राहिलं. खोलीत अंधार करा, एकच टॉर्च बाजूने, समोर पांढरा चेंडू. उजेडाचा ठिपका, मग मधली छटा, मग सगळ्यात गडद पट्टा, आणि कडेला पुन्हा किंचित उजळ. तो टेबलावरून उलटून आलेला प्रकाश. मुलांना तो सापडला की ती तो पांढराशुभ्र ठेवतात, तेवढं आवरा. सावलीतला उजेड सावलीतलाच राहिला पाहिजे. आणि चेंडूची टेबलावर पडणारी पडछाया विसरली, तर चेंडू हवेत तरंगतो.

बोटाला बंदी. सगळ्यांकडे एचबी पेन्सिल असते आणि तिच्याकडून काळोख मागतात, मग कागद फाटतो. जास्त मऊ आणि गडद ४ बी द्या. बीच्या पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त, माती कमी. आधी पाच चौकोनांची पट्टी, पांढऱ्यापासून गडदपर्यंत. नंतर डोळे किलकिले करून चेंडू बघायचा, बारकावे जातात आणि छटा उरतात.

प्रयोगवही

आज ग्लासचा तास झाला. 'ओह' आला, सर!

तळ बहुतेकांचा गोल झाला. एकाने हट्ट धरला, "पण बाई, तळ सरळ दिसतो असं कधीच होत नाही का?" मी म्हटलं, तूच शोध. त्याने ग्लास उचलत उचलत तळ डोळ्यांसमोर आणला आणि ओरडला, "झाला सरळ! आता वरचा गोल खालून दिसतोय!" बाकीच्यांना दाखवायला त्याने ग्लास तिरका केला. खाली पहिल्या बाकावर वह्या होत्या.

वह्या पंख्याखाली वाळत घातल्यात. पुढच्या तासाला टॉर्च.