मदत हवी आहे : परमिट रूममधला धूर, भावाचा हृदयविकार आणि मालकांशी करायची बोलणी

नमस्कार. माझे मोठे बंधू नाशिक जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका परमिट रूममध्ये कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) म्हणून नोकरी करतात. वय ४८. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही, तंबाखूही खाल्ला नाही. तरीही गेल्या महिन्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवावा लागला. त्यांचा रक्तदाब आधीपासून थोडा वाढलेला होता, त्यामुळे सगळे खापर धुरावर फोडता येणार नाही, हे आम्हालाही समजते. मात्र कामाच्या ठिकाणी धूर असतो का, हे डॉक्टरांनी आपणहून विचारले आणि असल्यास त्या हवेत पुन्हा जाऊ नका, असे बजावून सांगितले. आता रजा संपत आली आहे आणि घर त्यांच्याच पगारावर व टिपवर चालते.

जागा अशी आहे : सुमारे साठ खुर्च्यांचा एसी हॉल आणि त्याच्या मागच्या अंगाला काचेचे पार्टिशन घालून केलेली स्मोकिंग रूम. तिचे दार आपोआप बंद होणारे आहे. पण ट्रे घेऊन ये-जा करताना अडचण होते म्हणून गर्दीच्या वेळी दाराला बिअरचा रिकामा क्रेट लावून ते उघडेच ठेवले जाते. एक्झॉस्ट पंखा लावला की गारवा बाहेर जातो, म्हणून तो बहुतेक वेळा बंद असतो. आतल्या टेबलांची ऑर्डर घेणे, चखना पोहोचवणे, अ‍ॅशट्रे रिकामे करणे ही सगळी कामे वेटर आणि कॅप्टनच करतात. मालक बंधूंना काउंटरवर बसवायला तयार आहेत, परंतु काउंटर त्या दारापासून दहा-बारा पावलांवर आहे आणि हवा तीच आहे.

मी जे वाचले त्यावरून काउंटरचा तोडगा मला अपुरा वाटतो. दुसऱ्याने सोडलेल्या धुरात थोडा वेळ राहिल्यानेसुद्धा रक्तातील बिंबिका (प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होऊन गुठळी होण्याची शक्यता वाढते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नीट प्रसरण पावत नाही. म्हणजे धूर निम्मा झाला म्हणून हृदयावरचा धोकाही निम्मा होत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखाच्या) २००६ च्या अहवालानुसार, घरी किंवा कामावर असा धूर सोसणाऱ्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या माणसांत हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, आणि खेळती हवा किंवा वेगळी बैठक ठेवून हा धोका पूर्ण टळत नाही. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये पबसह सर्व बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. त्यानंतर तिथल्या नऊ रुग्णालयांत तीव्र हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली, आणि त्या घटीतला सुमारे दोन-तृतीयांश वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता. बंधूंसारख्यांच्या दृष्टीने मला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडचा कायदाही पुरेसा स्पष्ट दिसतो. काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा ‘कोटपा’ कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. पण तिला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, दार आपोआप बंद होऊन एरवी बंदच राहायला हवे आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर त्या खोलीत कोणतीही सेवा देता येत नाही. म्हणजे तिथे ट्रे घेऊन जाण्याचा प्रश्नच उद्भवू नये. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तक्रारीनंतरही व्यवस्थापनाने काही केले नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्यांच्यावर बसतो. दोनशे रुपयांनी महामार्गावरच्या परमिट रूमला काय फरक पडणार, हा भाग वेगळा.

अडचण अशी की मालक वाईट नाहीत. रुग्णालयात भरण्यासाठी त्यांनी स्वतःहून उचल दिली, आणि ती अजून फिटायची आहे. धूर बंद केला तर गिऱ्हाईक शेजारच्या ढाब्यावर जाईल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत कायद्याची भाषा करणे बंधूंना पटत नाही.

जाणकारांकडून पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. हॉटेल व्यवसायातील कोणी आपल्या जागेतील स्मोकिंग रूम बंद करून धूम्रपान बाहेर उघड्यावर हलवले आहे का, आणि गिऱ्हाइकांवर त्याचा प्रत्यक्ष काय परिणाम झाला? मालकांनी नकार दिल्यास जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे तक्रार करताना कामगाराचे नाव गुप्त राहते का, की अशा छोट्या जागेत ते कळल्यावाचून राहत नाही? आणि हृदयरोगतज्ज्ञांनी रजेच्या प्रमाणपत्रावर ‘धूरमुक्त जागीच काम द्यावे’ असे लिहून दिले, तर मालकांशी बोलताना त्याचा उपयोग होतो का, असा कोणाचा अनुभव आहे?

नोकरी बदलण्याचा सल्ला मनात येईल, परंतु या वयात आणि या धंद्यात दुसरी जागा मिळाली तरी तिथेही हीच काच आणि हाच क्रेट असण्याची शक्यता अधिक. येत्या सोमवारी बंधू मालकांना भेटणार आहेत. त्याआधी उत्तर मिळाल्यास मोठा उपयोग होईल.