शॉवरच्या पडद्यावरची आणि पायपुसण्यांवरची काळी बुरशी कशी काढावी?

प्रश्न (विजापूर रस्ता, सोलापूर)
आमच्या बाथरूममध्ये शॉवरपुढे प्लास्टिकचा पडदा आहे. बाहेर रबरी तळाची एक मॅट आणि इथल्याच कारखान्यातली दोन रंगीत टेरी पायपुसणी असतात. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे दोन पिंपे कायम आत भरलेली, वापराला बोअरचे पाणी, आणि खिडकी म्हणावी तर वीतभर झरोका. उन्हाळ्यात काही जाणवले नाही. पण ऑगस्टपासून पडद्याच्या खालच्या दुमडीत मोहरीएवढे काळे ठिपके दिसू लागले आणि मॅट उचलली की ओल्या पोत्यासारखा वास येतो. कपड्यांच्या पावडरीने दोनदा घासले, तरी आठवड्याभरात ठिपके परत आले. ब्लीचिंग पावडर व्हिनेगरमध्ये कालवून लावावी, असे शेजारच्या काकूंनी सुचवले आहे. लावू का?

उत्तर १ (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका)
ताई, मुळीच लावू नका. ब्लीचिंग पावडरीत आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, मग ते आम्ल व्हिनेगरचे असो की संडास धुण्याच्या द्रावणातले. एकदा आम्ल शिंपडलेल्या मोरीत मी स्वतःच ब्लीचिंगचे पाणी ओतले होते. क्षणात घसा जळू लागला आणि पदराने नाक दाबून बाहेर पळावे लागले. वीतभर झरोक्याच्या खोलीत हे करणे फार धोक्याचे आहे.

दोन्ही वस्तू उपयोगाच्या आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर पडद्यावर बसतो, त्यात साबणाचा चिकट मळ आणि अंगाचा मळ अडकतो, आणि बुरशी त्यावरच पोसली जाते; म्हणून आधी हा थर काढावा लागतो. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन त्यात पडद्याची खालची कड तासभर भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने दुमड आणि शिवण घासा व भरपूर पाण्याने धुऊन पडदा पूर्ण वाळवा. दुसऱ्या दिवशी, डाग उरलेच तर, लिटरभर पाण्यात साधारण 50 मिलिलिटर द्रवरूप ब्लीच मिसळून ठिपक्यांवर दहा मिनिटे ठेवा. हातमोजे घाला, दार उघडे ठेवा, आणि ब्लीच पाण्याखेरीज कशातही मिसळू नका.

उत्तर २ (टॉवेलच्या धंद्यातला)
पडद्याचे मॅडमनी सांगितलेच आहे. पायपुसण्यांना मात्र तो नियम लावू नये. आपल्याकडच्या रंगीत टेरीत सूत कोणत्या रंगाने रंगवले आहे त्यावर सारे अवलंबून असते. व्हॅट रंग ब्लीचपुढे बराच टिकतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंग बहुधा उतरतो, आणि नुसते पाहून ते ओळखता येत नाही. त्यामुळे रंगीत पायपुसणे कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवावे आणि त्यातही रंग सुटतो का, ते आधी एका कोपऱ्यावर पाहावे. टेरीच्या फाशांत पाणी फार धरून राहते, म्हणून वरून कोरडे वाटले तरी उलटे करून मुळाशी बोट लावून पाहावे. रबरी तळाच्या मॅटला मात्र गरम पाणी आणि दिवसभराचे ऊन दोन्ही सोसत नाहीत, रबर तडकते. ती कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत, तळ वर करून वाळवावी.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. व्हिनेगरने पांढरा थर गेला आणि निम्मे ठिपके त्याच्याबरोबरच गेले. आता साबणदाणीपाशी गुलाबी, बुळबुळीत थर दिसतो आहे. तीही बुरशीच का?

उत्तर १
तो थर बहुधा जिवाणूंचा असतो, बुरशीचा नव्हे. घासून धुतला की जातो आणि ओल राहिली की परत येतो. खरी अडचण तुमच्या दोन पिंपांची आहे. त्यांना घट्ट झाकणे बसवा. अंघोळ झाली की पडदा गोळा करून बाजूला सारू नका, पूर्ण पसरून ठेवा. टापटीप म्हणून आपण तो चुण्या घालून सारतो आणि पाणी त्या चुण्यांतच बसते. दार तासभर उघडे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो.

उत्तर ३ (जुळे सोलापूर)
आम्ही पडद्याची कड फरशीपासून चार बोटे वर राहील अशी कापून घेतली. पाणी थोडे बाहेर उडते, त्याला वायपर आहे. पण गेल्या पावसाळ्यात कडेला एकही ठिपका आला नाही.