मदत हवी आहे: अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचे आकडे नेमके मोजतात कसे?

नमस्कार मंडळी,

एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आहे. सेमिनारचा विषय 'इजांचा जागतिक भार'. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अपघात आणि हिंसेमुळे जगात दरवर्षी साधारण ४४ लाख माणसं जातात, एकूण मृत्यूंच्या ८ टक्क्यांच्या आसपास. रस्ते अपघात, पडणं, बुडणं, भाजणं, आत्महत्या, खून हे सगळं त्यात आलं. इथवर ठीक.

गाडी अडते ती भारतापाशी. २०२१ सालचे रस्त्यावरचे मृत्यू सरकारी नोंदीत १,५३,९७२, आणि त्याच वर्षाचा संघटनेचा अंदाज सुमारे २ लाख १६ हजार. साठ हजारांवर माणसं मधल्या मध्ये कुठे गेली? मॅडम म्हणतात दोन्ही आकडे द्या आणि फरकाचं कारण सांगा. जाणकारांनी मदत करावी. शिवाय जो वाचला पण पाय गमावून बसला, तो 'डॅली'मध्ये (आजार, इजा आणि मरणाने वाया गेलेली निरोगी वर्षं मोजायचं माप) कसा धरतात? सूत्र पाठ आहे, डोक्यात शिरत नाही.

– वाटाड्या_मी

प्रतिसाद: जुना_कॅज्युअल्टीवाला

सरकारी आकडा पोलिसांच्या नोंदीतून येतो. अपघातानंतर ३० दिवसांत गेला तर तो रस्त्यावरचा बळी, ही व्याख्या. आता पेशंट तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला रेफर होतो आणि तिसऱ्या आठवड्यात जातो. ज्या ठाण्यात गुन्हा नोंदलाय तिथे हे कळवायचं कुणी? कळवलं नाही की तो कागदावर जखमीच राहतो.

दुसरी गोम मृत्यूच्या दाखल्यात. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार आणि मृत्यूकारणांच्या कोडांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, एस आणि टी कोड म्हणजे इजा कसली, व्ही ते वाय म्हणजे ती झाली कशाने. मृत्यूचं मूळ कारण म्हणून दुसरा लागतो. दाखल्यावर मात्र नुसतं 'हेड इंज्युरी', फार तर 'सेप्टिसीमिया' (रक्तात जंतुसंसर्ग). ट्रकने उडवलं की जिन्यावरून पडला, पत्ता नाही. असले मृत्यू एक्स५९, वाय३४ अशा 'नेमकं कारण माहीत नाही'वाल्या कोडांत जाऊन पडतात. अभ्यासक त्यांना सरळ 'गार्बेज कोड' म्हणतात आणि नंतर खऱ्या कारणांत वाटून टाकतात. त्यात आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरी कारण असलेले पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणून इतर स्रोत आणि सांख्यिकी मॉडेल वापरावं लागतं.

भाजण्याचं बघा, ते जास्त भयंकर आहे. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने भारतात २००१ मध्ये आगीने १,६३,००० हून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज दिला होता. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट! त्यात ६५ टक्के बायका. का, ते सांगायला नको. सेमिनारात हे नक्की घाला.

प्रतिसाद: आकडेमोडी

डॅली म्हणजे अकाली मरणाने गेलेली वर्षं अधिक अपंगत्वात काढलेली वर्षं. दुसऱ्या भागात प्रत्येक अवस्थेला ० ते १ मध्ये वजन देतात: ० म्हणजे ठणठणीत, १ म्हणजे मृत्यू. २०१३ च्या जागतिक अभ्यासात (ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज) एक पाय गमावलेल्याला उपचार नसेल तर ०.१७३, उपचार मिळाले तर ०.०३९.

समजा तिशीतला गडी, पुढे ४० वर्षं जगला. काहीच मिळालं नाही तर ०.१७३ × ४० म्हणजे जवळपास ७ वर्षं. जयपूर फूट बसवून नीट पुनर्वसन झालं तर दीड. पाय एकच गेला, भार चौपट कमी-जास्त. ही वजनं या अभ्यासाच्या २०१० च्या फेरीपासून सामान्य लोकांना विचारून ठरवतात, बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिकेतल्या माणसांना. दोन आजारी माणसांची वर्णनं वाचायची आणि जास्त निरोगी कोण ते सांगायचं. भारतातलं एकही घर त्या पाहणीत नव्हतं, हा माझा जुना आक्षेप. शेतमजुराला पाय नसणं आणि टेबलावर काम करणाऱ्याला नसणं सारखं कसं?

वाटाड्या_मी

दोघांचे आभार, आता स्लाइड होतील. एक राहिलं: एकाच अपघातात पायही गेला आणि डोक्यालाही मार लागला, तर दोन्ही वजनांची बेरीज करायची का?

आकडेमोडी

नाही. जागतिक अभ्यासात एका माणसाच्या अनेक इजांपैकी सगळ्यात जास्त अपंगत्व देणारी एकच धरतात. तुमचा डेटा स्वतःचा असेल तर कोणता नियम लावला ते पद्धतीच्या स्लाइडवर लिहा, परीक्षक हमखास तिथेच धरतात.