चालत्या सर्व्हरला हात लावावा का? डेबियनची आवृत्ती बदलण्याविषयी

उद्यमनगरी (धागाकर्ता)

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये एकच सर्व्हर आहे. ग्राहकांची ड्रॉइंग, बिलांचा पोस्टग्रेस डेटाबेस आणि कामगारांची हजेरी हे सगळे त्यावरच असते. २०१९ च्या दिवाळीत मी त्यावर डेबियन १० ही लिनक्स प्रणाली बसवली, नंतर ११ केले आणि २०२३ मध्ये १२ केले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ प्रसिद्ध झाले. आता पुढची पायरी चढावी असे मी म्हणतो आहे, तर शॉपचे मालक असलेले माझे चुलते विचारतात, "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावतोयस?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे, तरीही माझे मत असे की प्रत्येक आवृत्ती वेळेवर घ्यावी. डेबियनमध्ये एका आवृत्तीवरून थेट पुढच्याच आवृत्तीवर जाता येते, मधली गाळून केलेल्या अपग्रेडची हमी कोणी देत नाही. शेजारच्या एका वर्कशॉपने डेबियन ९ तसेच ठेवले होते. त्यांना १२ वर यायचे होते, म्हणून एका रात्रीत तीन अपग्रेड करावे लागले. ९ ची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) तोवर नेहमीच्या आरशांवरून (ती जिथून उतरवतात त्या सर्व्हरांवरून) हटवून अर्काइव्हमध्ये गेली होती, त्यामुळे आधी तो पत्ता बदलावा लागला. पुढे १० वरून ११ वर जाताना सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या पत्त्यांच्या यादीत) आम्ही नुसते 'बस्टर' (१० चे नाव) खोडून 'बुल्सआय' (११ चे नाव) लिहिले आणि सुरक्षा अद्यतनांच्या ओळीवर ॲप्टने (पॅकेजेस आणणाऱ्या आज्ञेने) त्रुटी दाखवली. तिथे जुने रूप 'बस्टर/अपडेट्स' असे होते आणि नवे रूप 'बुल्सआय-सिक्युरिटी' असे झाले आहे. प्रकाशन-टिपणात हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण तीन आवृत्त्यांची टिपणे एका रात्री कोण वाचणार? दोन वर्षांनी एकदा एक टिपण वाचणे मला झेपते. आपले मत काय आहे?

मार्केट यार्ड

मी गुळाच्या अडत दुकानाची संगणक व्यवस्था पाहतो आणि आपल्या मताशी सहमत नाही. हंगामात सकाळी सौदे निघाले की तासाभरात शेतकऱ्याच्या हाती पट्टी द्यावी लागते. त्या वेळी सर्व्हर बंद असला तर आवृत्ती कितवी आहे हे कोणी विचारत नाही, पट्टी कुठे आहे एवढेच विचारतात.

अपग्रेड टाळणे म्हणजे सुरक्षेकडे दुर्लक्ष करणे, असा एक समज आपल्या लिखाणामागे दिसतो. डेबियन स्टेबलमध्ये (म्हणजे प्रसिद्ध झालेल्या पक्क्या आवृत्तीत) सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा डेबियन ७ मधला आकडा १.०.१ई असाच राहिला आणि दोष मात्र दुरुस्त झाला. डेबियन ६ मध्ये ०.९.८ ही जुनी मालिका होती, तिच्यात तो दोष मुळात नव्हताच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मागचे दार (गुपचूप आत शिरण्याची वाट) पेरल्याचे उघडकीस आले. ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचले होते, स्टेबलपर्यंत नाही. नवे म्हणजे सुरक्षित, हे समीकरण दोन्ही वेळा खोटे ठरले.

आता माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका अपग्रेडच्या मध्यावर, रात्री एक वाजता, डीपीकेजीने (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) विचारले की डीएचसीपीची (यंत्रांना आयपी पत्ते देणाऱ्या सेवेची) फाइल आपण बदललेली आहे, तीच ठेवायची की पॅकेजसोबत आलेली नवी घ्यायची. नुसते एंटर दाबले असते तर जुनी राहिली असती. मी 'वाय' दाबले. प्रिंटरला बांधून दिलेला आयपी पत्ता त्या फाइलमध्ये होता, तो गेला. सकाळी सौदे सुरू झाले तरी पट्टी छापेना आणि कारण सापडायला पावणेदोन तास गेले. तेव्हापासून मी चालत्या यंत्रावर आवृत्ती बदलत नाही. सुरक्षा अद्यतने दर आठवड्याला घेतो आणि आधार संपत आला की नव्या डिस्कवर कोरी मांडणी करतो. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ अखेरपर्यंत आहे. आपण घाई कशाची करता?

कळंबा

माझ्या मते आपण दोघेही परतीच्या वाटेविषयी बोलत नाही. मी फ्रीबीएसडी ही वेगळी, युनिक्स घराण्यातली प्रणाली वापरतो. त्यात मूळ प्रणाली आणि वरची पॅकेजेस वेगवेगळी असतात. मूळ प्रणाली फ्रीबीएसडी-अपडेटने बदलते, पॅकेजेस पीकेजीने. मोठ्या आवृत्तीच्या वेळी क्रम ठरलेला आहे : आधी कर्नल (प्रणालीचा गाभा) बसवून यंत्र पुन्हा सुरू करायचे, मग उरलेली मूळ प्रणाली, मग सगळी पॅकेजेस नव्याने आणि शेवटी जुन्या लायब्ररी काढून टाकायच्या.

पण मला महत्त्वाचे वाटते ते याच्याही आधीचे पाऊल. डिस्क झेडएफएस या फाइल-प्रणालीवर असेल तर बीईसीटीएल या आज्ञेने चालू प्रणालीची एक प्रत नाव देऊन ठेवता येते. त्याला काही सेकंद लागतात आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. अपग्रेड फसले तर सुरुवातीच्या मेनूतून जुनी प्रत निवडायची, की यंत्र पूर्वी होते तसे उभे राहते. मार्केट यार्डकरांची ती सकाळ दहा मिनिटांत सुटली असती. एक पथ्य मात्र पाळावे : नवी आवृत्ती नीट चालते अशी खात्री होईपर्यंत झेडपूल (झेडएफएसचा डिस्क-साठा) अपग्रेड करू नये. पूलमध्ये नवी वैशिष्ट्ये सुरू झाली की जुन्या प्रतीतल्या कर्नलला तो पूल उघडता येईलच असे नाही आणि परतीची वाट आपणच बंद करून बसतो.

उद्यमनगरी

मार्केट यार्डकरांस : एक्सझेडचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते टेस्टिंग शाखा कामाच्या यंत्रावर वापरू नये हे सिद्ध करते. एका स्टेबलवरून दुसऱ्या स्टेबलवर जाण्याच्या विरोधात ते जात नाही. दीर्घकालीन आधाराविषयीही एक गोष्ट लक्षात घ्यावी : डेबियनच्या मुख्य सुरक्षा गटाचे काम साधारण तीन वर्षांनी थांबते, पुढची दोन वर्षे वेगळा गट सांभाळतो आणि प्रत्येक पॅकेज त्यात येतेच असे नाही.

कोऱ्या मांडणीविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. सहा वर्षांत त्या सर्व्हरवर काय काय बसवले, कोणत्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत) काय लिहिले, हे सगळे कागदावर असेल तरच कोरी मांडणी सुरक्षित. आमच्याकडे तसा कागद नाही आणि बहुतेक छोट्या कारखान्यांत तो नसतो.

कळंबाकरांस : झेडएफएसची सोय उत्तम आहे, पण ती प्रणालीला मागे नेते. डेटाबेसमध्ये दरम्यान लिहिलेल्या बिलांचे काय? डेबियनमध्ये इथेच लोक फसतात. ११ मध्ये पोस्टग्रेस १३ होते, १२ मध्ये १५ आहे आणि १३ मध्ये १७ आहे. अपग्रेडनंतर नवे पोस्टग्रेस जुन्याच्या शेजारी बसते. आपला डेटा मात्र जुन्याच क्लस्टरमध्ये (डेटाबेसच्या साठ्यात) राहतो आणि जुना सर्व्हरच तो वाचत असतो. पीजी-अपग्रेडक्लस्टर ही आज्ञा आपण हाताने चालवेपर्यंत हे असेच राहते. सगळे सुरळीत चालते म्हणून कोणी पाहत नाही आणि पुढे त्या जुन्या पोस्टग्रेसला अद्यतने मिळणेच थांबलेले असते. २०२३ मध्ये माझ्या हातून हेच झाले आणि चार महिन्यांनी लक्षात आले.

शिरोली

आमचे एक यंत्र ३२ बिटांचे आहे. डेबियन १३ मध्ये त्या जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, त्यामुळे आमच्यापुरता हा वाद यंत्र बदलूनच मिटेल. एक विनंती मात्र करतो : घरी बसून एसएसएचवरून अपग्रेड करायचा असेल तर पावसाळ्यात करू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. सुरू न झालेल्या सर्व्हरपाशी जाऊन कीबोर्ड लावायलाही माणूस पोहोचू शकत नव्हता.

मार्केट यार्ड

पोस्टग्रेसचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. आज आमच्या यंत्रावर क्लस्टरची यादी काढून पाहिली, १५ एकच आहे. कोऱ्या मांडणीचा माझा आग्रह कायम आहे आणि कागद नाही हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट डिस्क बिघडेल त्या दिवशी तोच कागद लागणार आहे. डीपीकेजीकडून पॅकेजांची यादी काढण्यापासून आपण सुरुवात करावी.

उद्यमनगरी

यादी आजच काढली. हाताने बसवलेली पॅकेजे ४३ निघाली, त्यांतली ९ कशासाठी आहेत हे मला आठवत नाही. सोमवारी आमच्याकडे सुट्टी असते. त्या दिवशी डिस्कची प्रत काढून जुन्या संगणकावर लावणार आहे आणि १३ ची पायरी आधी त्या प्रतीवर चढणार आहे. डीपीकेजी विचारेल त्या प्रत्येक फाइलचे नाव वहीत उतरवून घेईन. चुलत्यांना तूर्त एवढेच सांगितले आहे की चालत्या सर्व्हरला सोमवारी हात लागणार नाही.