गोष्ट नसली तरी चालेल, नुसतं बघत बसावंसं वाटेल असे अ‍ॅनिमेशनपट सुचवा

काल परत 'स्पिरिटेड अवे' (२००१) बघितला आणि परत त्या ट्रेनपाशीच अडकले. पाण्यावरून चाललेली ट्रेन, आत सावल्यांसारखे आरपार दिसणारे प्रवासी, बाहेर हळूहळू अंधारतंय आणि त्यातली छोटी मुलगी चिहिरो नुसती बसून आहे, कोणी काही बोलत नाही. गोष्ट तिथे जवळजवळ थांबते, पण माझ्यासाठी सगळा सिनेमा तिथेच आहे. कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न 'स्टोरी काय?', आणि मला जे आवडलंय ते स्टोरीत नसतंच ना. तर असे अजून सांगा प्लीज, रंग, उजेड, माहोल, संवाद कमी असतील तर फारच छान.

प्रतिसाद १
युरी नॉरस्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) आजच बघ, जेमतेम दहा मिनिटांचा आहे. हेजहॉग (छोटा काटेरी प्राणी) अस्वलाकडे निघालाय, वाटेत धुक्यात पांढरा घोडा दिसतो, हा घोडा झोपला तर धुक्यात बुडेल का असं हेजहॉगला वाटतं आणि तो खाली उतरतो, बस एवढंच. ते धुकं कसं केलंय माहितीये? एकदम पातळ कागद चित्रावर ठेवायचा आणि एकेका फ्रेमला थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत न्यायचा, खालचं चित्र आपोआप विरत जातं. हे कळल्यावर मी परत बघितला आणि जास्तच आवडला.

प्रतिसाद २
इसाओ ताकाहाताचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३). ह्यात गोष्ट आहे, जुनी लोककथाच आहे, पण कागुया मेजवानीतून पळत सुटते तो सीन बघा. तोपर्यंतचे हलके जलरंग जातात आणि कोळशाने ओरबाडल्यासारख्या रेषा उरतात, तिचा चेहराही धड काढलेला नाही. तिचा संताप त्या रेषेतच आहे. म्हणून मला स्टाइल वेगळी आणि कथा वेगळी असं म्हणणं तितकंसं पटत नाही.

प्रतिसाद ३
'द रेड टर्टल' (२०१६) आणि 'फ्लो' (२०२४), दोन्हीत संवादच नाहीत. 'लव्हिंग व्हिन्सेंट' (२०१७) पण बघा, सुमारे ६५ हजार फ्रेम्स ऑइल पेंटने रंगवल्यात, फक्त त्यातला चित्रकार व्हॅन गॉगच्या मृत्यूच्या तपासाचा भाग मला नको वाटला, व्हॅन गॉगचे रंग हलताना बघायचे तर सारखं कोणीतरी माहिती देत असतं. आणि ह्यातलं काहीही फोनवर बघू नका हो, लाइट घालवून मोठ्या स्क्रीनवर बघा.

धागाकर्ती
हेजहॉग दोनदा बघून झाला! शेवटी अस्वल शेजारी बसून बडबडतंय आणि ह्याच्या डोक्यात अजून तो घोडाच, तिकडे धुक्यात कसा असेल म्हणून. मला हेच हवं होतं, खूप खूप थँक्यू. कागुया शनिवारी, लाइट घालवून.