मसाल्याच्या वह्यांचे संकेतस्थळ करायचे आहे. डेटाबेस शिकायला सुरुवात कुठून करावी?

लालबागची_लेक

नमस्कार. माझी आई आणि मावशी गेली अठरा वर्षे लालबागमध्ये मागणीप्रमाणे घरगुती मसाले करून देतात. मार्च ते मे या तीन महिन्यांतच वर्षाचे बहुतेक काम उरकते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते: कुणाला मालवणी मसाल्यात तिरफळ हवेच असते, कुणाला दगडफूल दुप्पट लागते, आणि वांद्र्याच्या काही ईस्ट इंडियन कुटुंबांचा बॉटल मसाला तर निराळाच. ही सारी प्रमाणे आईच्या चार वह्यांत आहेत. 'मागच्या वर्षीसारखाच करा' असा फोन आला की वह्या उलटसुलट चाळाव्या लागतात. या पावसाळ्यात त्यांतल्या एका वहीची पाने भिजून अक्षरे पसरली, तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून फोर्टमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. वेबपाने मांडण्याच्या एचटीएमएल आणि सीएसएस या भाषा जेमतेम येतात. वह्यांतील मजकूर मी एक्सेलमध्ये भरू लागले. पण प्रत्येक ग्राहकाला एक ओळ आणि प्रत्येक जिन्नसाला एक रकाना असे करता करता ४३ रकाने झाले आणि त्यांतली बहुतेक घरे रिकामीच राहिली. शिवाय एकच मिरची कुठे 'बेडगी' तर कुठे 'ब्याडगी' अशी लिहिली गेल्यामुळे हंगामासाठी एकूण किती किलो मागवायची, ही बेरीजही चुकू लागली.

डेटाबेसवर चालणारे संकेतस्थळ स्वतः करायचे असेल तर आधी कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी, पीएचपी की पायथन? की वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या तयार साधनाने काम भागेल? गणपतीची गर्दी आता ओसरली आहे. रोज रात्री दीड तास मिळतो, तेवढ्यात पुढच्या मार्चपर्यंत हे जमण्यासारखे आहे का?

सारणीकार

ताई, मी चौदा वर्षे याच क्षेत्रात नोकरी करतो आहे. एक्सेलमधल्या ज्या दोन अडचणी आपण लिहिल्या आहेत, त्या सोडवण्याच्या खटपटीतूनच हा विषय उभा राहिला आहे. म्हणून भाषेचा प्रश्न थोडा लांबणीवर टाकून आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, अशी माझी विनंती आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परसंबंधित सारण्यांत (टेबलांत) मांडण्याची जी पद्धत सुचवली, तिच्यावरच मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट हे आजचे डेटाबेस उभे आहेत. तिच्यातून पुढे रूढ झालेला एक नियम आपल्याला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल: कोणतीही गोष्ट एकाच जागी लिहावी आणि इतरत्र तिचा फक्त क्रमांक द्यावा.

'बेडगी' हा शब्द संपूर्ण डेटाबेसमध्ये एकदाच, जिन्नसांच्या टेबलात, लिहिला जाईल. त्याला एक क्रमांक मिळेल, समजा ७. यापुढे मिरचीचे नाव कुठेही टंकायचे नाही, यादीतून निवडायचे. म्हणजे 'ब्याडगी' शिरायला वाटच उरत नाही, आणि पुढे कधी नावाचे लेखन बदलावेसे वाटले तर ते एका ठिकाणी बदलले की सगळीकडे बदलते. ग्राहकांचे टेबल वेगळे करावे. त्यात मोबाइल क्रमांकालाच ओळख मानण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण क्रमांक बदलतात आणि सासू-सुना एकाच क्रमांकावरून दोन वेगळे मसाले सांगतात. डेटाबेसने दिलेला स्वतंत्र क्रमांकच प्रायमरी की (त्या ओळीची कायमची ओळख) असू द्यावा. तिसरे टेबल मागण्यांचे: कोणत्या ग्राहकाची, कोणत्या तारखेची, कोणता मसाला.

आता ४३ रकान्यांविषयी. एका मागणीत अनेक जिन्नस असतात आणि एक जिन्नस अनेक मागण्यांत असतो. असे दुहेरी नाते असले की दोहोंच्या मध्ये आणखी एक टेबल लागते, आणि नवशिक्यांचे पाऊल बहुधा इथेच अडखळते. या चौथ्या टेबलातील एक ओळ अशी असेल: मागणी २१२, जिन्नस ७, वजन ५०० ग्रॅम. अकरा जिन्नसांच्या मसाल्याला अकरा ओळी लागतील, सव्वीस जिन्नसांच्या मसाल्याला सव्वीस, आणि रिकामे घर एकही राहणार नाही. ओळी हजारोंनी वाढल्या तरी डेटाबेसला त्याचे ओझे वाटत नाही. रकाने वाढवणे मात्र महागात पडते, कारण नवा जिन्नस आला की रचनाच बदलावी लागते. वजन नेहमी ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवावे. 'पाव किलो' आणि '०.२५' यांची सरमिसळ झाली की बेरीज पुन्हा चुकेल.

या रचनेत 'मागच्या वर्षीसारखाच' म्हणजे जुन्या मागणीच्या ओळी नव्या मागणीच्या क्रमांकाखाली उतरवणे, एवढेच. वर्डप्रेसही पीएचपी आणि मायएसक्यूएलवरच चालते आणि माहितीच्या पानांसाठी ते उत्तम आहे. परंतु घरोघरच्या प्रमाणांची ही मांडणी त्यात बसवण्यात जितका वेळ जाईल, तितक्यात आपण मूळ विद्याच शिकाल.

पदविका_शिक्षिका

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी तंत्रनिकेतनात हा विषय शिकवते, आणि वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहते: संकेतस्थळाची घाई करणारे विद्यार्थी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) अर्धवट शिकतात आणि पुढे प्रत्येक चूक पानाच्या रंगरूपात शोधत बसतात. आपण दिवाळीपर्यंत संकेतस्थळाला हातच लावू नये. एसक्यूलाइटपासून सुरुवात करावी. त्यात संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर बसवावा लागत नाही, आणि पायथनसोबत त्याची सोय आधीपासूनच येते. ही चार टेबले स्वतः तयार करावीत, एका वहीतील वीस मागण्या हाताने भराव्यात आणि मग आईला खरोखर पडणारे प्रश्न डेटाबेसला विचारावेत: या हंगामात बेडगीसह प्रत्येक जिन्नस एकूण किती किलो लागला, गेल्या वर्षी येऊन यंदा न आलेले ग्राहक कोण? पहिल्या प्रश्नाला जॉइन (टेबले एकमेकांशी जोडणे) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट करणे) लागेल, दुसऱ्याला लेफ्ट जॉइन (जोड न मिळालेल्या ओळीही राखणारा जॉइन). ही दोन उत्तरे पुस्तक न पाहता लिहिता आली की निम्मा गड सर झाला असे समजावे.

एक सूचना आवर्जून करते. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे दुसऱ्या टेबलातून आणलेला क्रमांक तिथे खरोखर आहे का याची, तपासणी सहसा बंद असते. प्रत्येक वेळी जोडणी उघडल्यावर ती सुरू करण्याची आज्ञा द्यावी लागते. ती विसरलात तर अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकाच्या नावावरही मागणी नोंदली जाईल आणि डेटाबेस तक्रार करणार नाही.

त्यानंतर फ्लास्क हे पायथनमध्ये संकेतस्थळ करण्याचे साधन घ्यावे. पीएचपी मुळीच वाईट नाही, आणि स्वस्त होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) ते सहज चालते. परंतु एसक्यूलाइट पायथनमधून शिकलात तर त्याच भाषेत पुढे जाणे सोपे पडेल. पानामागे काय घडते ते मनात स्पष्ट असावे: बटण दाबले की ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो, सर्व्हरवरील प्रोग्राम त्या विनंतीतून क्रमांक वा नाव काढून घेतो, डेटाबेसला क्वेरी करतो (प्रश्न विचारतो), आलेल्या ओळी एचटीएमएलच्या साच्यात भरतो आणि तयार पान परत धाडतो. ब्राउझर डेटाबेसपर्यंत कधीच पोहोचत नाही. रोजचा दीड तास खंड न पडता मिळाला, तर मार्चपर्यंत घरातल्या घरात लॅपटॉपवर चालणारे संकेतस्थळ नक्की होईल.

वसईकर

माझा एक कटू अनुभव सांगतो. एका परिचिताच्या दुकानासाठी मी अशीच नोंदवही केली होती आणि ग्राहकाने टंकलेले नाव मी थेट क्वेरीच्या मजकुरात जोडत असे. दोन महिने सगळे सुरळीत होते. मग एक डिसोझा काकू आल्या. त्यांचे आडनाव इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर जे एकेरी चिन्ह येते, तेच चिन्ह एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण असते. क्वेरी मध्येच तुटली आणि त्यांची नोंद होईना. सुरुवातीला मला ते केवळ आडनावाचे दुखणे वाटले. नंतर उमगले की ज्या फटीतून त्यांचे आडनाव क्वेरी तोडू शकले, त्याच फटीतून दुष्ट हेतूचा माणूस स्वतःची आज्ञा घुसवून सगळ्यांचे क्रमांक वाचू शकला असता, किंवा नोंदी पुसूनही टाकू शकला असता. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय अगदी साधा आहे: क्वेरीत टंकलेल्या मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे आणि तो मजकूर वेगळा द्यावा, म्हणजे तो कधीही आज्ञा म्हणून वाचला जात नाही. आपल्याकडे वांद्र्याचे ग्राहक आहेत, तेव्हा ही सवय पहिल्याच ओळीपासून लावून घ्यावी.

ग्राहकांना लॉगिन देण्याचा विचार पहिल्या वर्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे क्रमांक आणि पत्ते ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे, आणि २०२३ मध्ये तिच्या संरक्षणासाठी कायदाही झाला आहे. पासवर्ड सुरक्षित कसे ठेवतात हे नीट शिकेपर्यंत ती माहिती इंटरनेटवर नेऊ नये. आणि भिजलेली वही आठवून डेटाबेसच्या फाइलची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

लालबागची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत एक वही पूर्ण भरून झाली आणि बेडगीची बेरीज पहिल्यांदाच बरोबर आली. आईने ती तिच्या आकड्याशी ताडून पाहिली. दोन ठिकाणी मात्र अडले आहे. कऱ्हाडे काकूंची नोंद डोळ्यांसमोर दिसते, तरी शोधल्यावर सापडत नाही. आणि जिन्नसांचा भाव कोणत्या टेबलात ठेवावा ते ठरत नाही.

पदविका_शिक्षिका

'कऱ्हाडे' मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांचे संकेतांक वेगळे असतात, आणि एसक्यूलाइट तुलना बाइटनुसार करते. मोबाइलवर भरलेली नोंद लॅपटॉपवर शोधताना हे हमखास घडते. नोंद करताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, दुसरा प्रकार बदलून पहिला करणारी एक लहानशी पायथन फंक्शन लिहावी. मराठीसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला हे आज ना उद्या करावेच लागते.

सारणीकार

भाव फक्त जिन्नसांच्या टेबलात ठेवला, तर मार्चमध्ये तो बदलताच गेल्या वर्षीच्या सर्व बिलांच्या रकमाही बदलतील. म्हणून आजचा भाव जिन्नसांच्या टेबलात असावा आणि मागणी नोंदताना तो चौथ्या टेबलातील ओळीत उतरवून घ्यावा. यामुळे 'एकच गोष्ट एकाच जागी' हा नियम मोडत नाही, कारण आजचा भाव आणि त्या दिवशी लावलेला भाव या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण हिशेबाचे काम करता, तेव्हा जुनी पावती नव्या भावाने कुणी दुरुस्त करत नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच कारणाने जुनी मागणी नव्या क्रमांकाखाली उतरवताना वजने तीच घ्यावीत, भाव मात्र आजचा घ्यावा. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात ठेवावी. वहीत ज्या जुन्या मागण्यांचे भाव लिहिलेले नाहीत, तिथे शून्य न भरता ते घर नल (म्हणजे 'माहीत नाही') ठेवावे. शून्याचा अर्थ 'फुकट दिले' असा होतो आणि सरासरी भाव काढताना शून्ये धरली जातात. नल असलेल्या ओळी डेटाबेस स्वतःहून वगळतो.