पुण्याहून इंग्लंडला कपडे आणि दिवाळी अंक मागवले तर ड्युटी किती बसेल?

लेस्टरकर:
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका दुकानातून ऑनलाइन मागवायचं आहे. मोठ्यांचे शिवलेले कुर्ते ११० पौंडांचे, दिवाळी अंक आणि पुस्तकं मिळून ३० पौंडांची, शिपिंग २८ पौंड. सगळं एकाच खोक्यात येणार. १३५ पौंडांपर्यंत ड्युटी नाही असं वाचलंय. ही मर्यादा एकेका वस्तूला की अख्ख्या पार्सलला? शिपिंग त्यात धरायचं का? आणि दुकानदार म्हणतोय, "गिफ्ट लिहून पाठवतो, काही लागणार नाही." हे चालतं का?

रेडिंगवाला:
मर्यादा अख्ख्या पार्सलला आहे. ती बघताना फक्त मालाची किंमत धरतात. शिपिंग आणि विमा बिलावर वेगळे दाखवलेले असले तर ते सोडून देतात. तुमचा माल झाला १४० चा. पुस्तकांवर इथे ड्युटीही नाही आणि व्हॅटही शून्य, पण पार्सलची किंमत मोजताना ती धरली जातातच. म्हणजे ज्या पुस्तकांवर एक पेनीही कर नाही, त्यांच्यामुळे तुमचे कुर्ते ड्युटीच्या कक्षेत जातात.

मर्यादा ओलांडली की हिशोब बदलतो, कारण ड्युटी लावताना शिपिंगही किमतीत मिळवतात. शिपिंग किमतीच्या प्रमाणात वाटलं असं धरू. कुर्त्यांच्या वाट्याला २२ पौंड, पुस्तकांच्या ६. कुर्त्यांची करपात्र किंमत १३२. तयार कपड्यांचा पूर्ण दर १२ टक्के, म्हणजे ड्युटी १५.८४ पौंड. मग १३२ अधिक १५.८४ यावर २० टक्के व्हॅट, २९.५७ पौंड. एकूण ४५.४१. व्हॅट ड्युटीवरही बसतो, हे बरेच जण विसरतात.

तेच कुर्ते स्वतंत्र ऑर्डरने आले तर माल ११० चा, ड्युटी नाही. फक्त १३२ वर व्हॅट, २६.४० पौंड. म्हणजे १९ पौंडांचा फरक, शिवाय दुकानाने व्हॅट आधीच घेतला असेल तर टपाल कंपनीचं हाताळणी शुल्क वाचतं ते वेगळं. पुस्तकं दुसऱ्या ऑर्डरने मागवा. अर्थात दोन पार्सलांचं शिपिंग १९ पौंडांपेक्षा जास्त वाढत असेल तर उपयोग नाही, ते आधी विचारून घ्या. दोन्ही ऑर्डरी खरोखर वेगळ्या हव्यात: बिल वेगळं, पैसे वेगळे भरलेले, रवानगी वेगळी. एकाच बिलाचे दोन तुकडे करून एकाच दिवशी दोन खोकी धाडली तर कस्टम्स ती एकच धरू शकतं, आणि तसं धरलं तर तक्रारीला जागा नाही.

(हे सगळं ग्रेट ब्रिटनचं. उत्तर आयर्लंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. दारू, तंबाखू आणि परफ्यूमला १३५ ची सवलत नाही.)

कार्डिफची काकू:
लहान मुलांचे कपडे मागवणाऱ्यांसाठी: १४ वर्षांखालच्या मुलांच्या मापाच्या कपड्यांवर व्हॅट शून्य आहे, पण पार्सल १३५ च्या वर गेलं तर ड्युटी लागतेच. म्हणून बिलावर नुसतं "कुर्ता, नग ४" नको. "मुलाचा सुती कुर्ता, वय ६" असं लिहून घ्या. मोघम लिहिलं की मोठ्यांचे कपडे समजून व्हॅट लावतात.

गिफ्टचं अजिबात करू नका. तुम्ही पैसे देऊन मागवलेला माल ही भेट नव्हे. भेट धरायची तर ती परदेशातल्या एका व्यक्तीने इथल्या व्यक्तीला, काही निमित्ताने, वापरण्यासाठी पाठवलेली असावी लागते. दुकानाचा शिक्का असलेलं खोकं आणि वर "गिफ्ट" पाहिलं की अधिकारी उघडून बघतात. खोट्या घोषणेबद्दल माल जप्तही होऊ शकतो.

आईने स्वतः खरेदी करून पोस्टात नेऊन दिलं तर ती खरी भेट. ३९ पौंडांपर्यंत काहीच लागत नाही. ३९ च्या वर १३५ पर्यंत फक्त व्हॅट, तोही पूर्ण किमतीवर, वरच्या फरकावर नाही. १३५ ते ६३० पर्यंत ड्युटी सरसकट २.५ टक्के, किंवा वस्तूचा नेहमीचा दर त्याहून कमी असेल तर तो. एका खोक्यात घरातल्या तिघांसाठी भेटी असतील तर प्रत्येकाला ३९ ची वेगळी सवलत मिळते, पण त्यासाठी प्रत्येकाची पुडी वेगळी बांधून तिच्यावर नाव हवं आणि सीएन २३ या कस्टम्सच्या फॉर्मवर प्रत्येकाची वस्तू व किंमत वेगळ्या ओळीत हवी. घाईत "कपडे व खाऊ" अशी एकच ओळ लिहिली जाते आणि सवलत तिथेच जाते.

खाऊत पेढे, बर्फी, तुपाची बरणी घालू देऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ पोस्टाने आणायला बंदी आहे, किंमत कितीही असो. चिवडा-चकलीचं खोकं त्यापायी अडकतं.

लेस्टरकर:
खूप आभार, पुस्तकं वेगळी मागवतो. कुर्ते १३५ च्या आत असले तर व्हॅट नक्की कोण घेतं? बिल रुपयांत आहे, त्यात व्हॅटचा उल्लेखच नाही.

रेडिंगवाला:
१ जानेवारी २०२१ पासून १३५ पर्यंतच्या मालावर व्हॅट विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो, आणि त्यासाठी त्याची इथे नोंदणी हवी. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून घेतलं तर ती बाजारपेठच कापते. पुण्यातल्या छोट्या दुकानाची नोंदणी नसेल, तर दारात मागणी येऊ शकते हे धरून चाला. दुकानदाराला सरळ विचारा: ब्रिटनचा व्हॅट नंबर आहे का? असेल तर तो बिलावर छापून घ्या आणि बिलाची एक प्रत खोक्याच्या बाहेर पारदर्शक पाकिटात लावायला सांगा. बिल आत राहिलं की व्हॅट दुसऱ्यांदा मागण्याचा धोका वाढतो.

रुपयांचे पौंड करताना बँकेचा दर लागत नाही, ब्रिटनच्या महसूल खात्याने त्या महिन्यासाठी जाहीर केलेला दर लागतो. माल १३३-१३४ पौंडांचा असेल तर तो दर आधी बघा.

भारतात बनलेल्या मालाला ड्युटीचा सवलतीचा दर मागायचा असेल, तर बिलावर उत्पादन-देशाची घोषणा मागून घ्या. नुसतं "मेड इन इंडिया" लेबल पुरत नाही.

टपालहंशील:
हाताळणी शुल्काबद्दल. रॉयल मेल ८ पौंड घेतं. स्पीड पोस्टने आलेलं पार्सलफोर्स या इथल्या पार्सल कंपनीकडे जातं आणि तिथे शुल्क जास्त आहे. कुरिअरवाल्यांचे दर आपापले. पैसे भरायला साधारण तीन आठवडे मिळतात, नंतर पार्सल परत जातं.

आकारणी चुकली असं वाटलं तर आधी पैसे भरून पार्सल सोडवा, मग परतावा मागा. रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आलं असेल तर बीओआर २८६ फॉर्म, कुरिअरने आलं असेल तर सी २८५. खोक्यावर चिकटवलेलं आकारणीचं लेबल आणि सीएन २२ किंवा २३ चा कागद फाडून टाकू नका, पुरावा म्हणून तेच लागतात. जोडीला बिल आणि पैसे दिल्याची बँकेची नोंद. हाताळणी शुल्क मात्र या फॉर्मवर परत मिळत नाही, ते टपाल कंपनीचं असतं.

आणि १३५ पौंडांची ही ड्युटीमाफी उशिरात उशिरा मार्च २०२९ पर्यंत काढून टाकायचं सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलंय. त्यानंतर वरचा हिशोब नव्याने मांडावा लागेल.